पाट स्टँडर्डमध्ये नाही

माहेरी, बीडकडे, आमच्या घरातले पाट पुरुषांचे होते. वडील आणि भाऊ जेवायला बसले की पाट मांडायचं काम माझं. ते उठले की आई आणि मी पाट उचलून भिंतीला उभे करायचो आणि मग फरशीवर बसून जेवायचो. असं करा म्हणून कुणी सांगितल्याचं आठवत नाही. पाट समोर असायचे, आम्हीच ते उचलायचो.

हे आठवायचं कारण असं की आयुष्यातला पहिला स्वतःचा पाट मला चाकणच्या कंपनीत मिळाला. तोही बसायला नाही, उभं राहायला.

आमची कंपनी गाड्यांचे सुटे भाग बनवते आणि मी प्रेसवर असते. पत्र्याचा तुकडा साच्यात ठेवायचा, हात बाहेर काढायचे आणि दोन बाजूंची दोन बटणं दोन्ही हातांनी एकदम दाबायची. मग प्रेस खाली येतो. दोन बटणं अशासाठी की एकही हात आत राहू नये. सोय चांगलीच आहे. फक्त ती बटणं बसवणाऱ्याने तिथे कधी बाई उभी राहील असं धरलेलंच नव्हतं. मला टाचा उचलल्याशिवाय ती नीट दाबता यायची नाहीत. संध्याकाळी बसमधून तळवड्याला उतरले की पोटऱ्यांत गोळे आलेले असायचे आणि खोलीचा जिना मी कठडा धरून चढायचे.

शेवटी पॅकिंगच्या सुताराने मोडक्या पॅलेटच्या फळ्या ठोकून मला एक बुटका पाट करून दिला. आमचे सुपरवायझर जवळच्याच गावचे. त्यांनी पाट बघितला आणि म्हणाले, "सध्या वापरा, ताई. पण तात्पुरता हाय बरं का." ते तात्पुरतं वर्षानुवर्षं चाललं. मी त्या पाटावर उभी राहून माल काढला, नव्याने आलेल्या पोरांना काम शिकवलं. ती पोरं ऑपरेटर झाली आणि मी हेल्परच राहिले.

कारण भिंतीवरचा बोर्ड. त्यावर प्रत्येकाचा फोटो आणि फोटोखाली एक गोल. काम जसं येईल तसा गोल पाव, अर्धा, पाऊण, पूर्ण काळा करतात. अर्धा भरला की ऑपरेटर, आणि ऑपरेटर झालं की ठेकेदाराकडून सुटून कंपनीच्या हजेरीवर जायची वाट उघडते. माझा गोल पाव. तो भरायचा कधी, तर आमचा माल घेणाऱ्या मोठ्या कंपनीचे साहेब ऑडिटला येतात तेव्हा, त्यांच्यासमोर मशीन चालवून. आणि ऑडिटच्या दिवशी सगळं ठरलेल्या स्टँडर्डप्रमाणे हवं. स्टँडर्डमध्ये पाट नाही. म्हणून त्या दिवशी सकाळीच पाट उचलून पॅकिंगच्या मागे टाकायचे आणि पाटाबरोबर मलाही पॅकिंगला पाठवायचे. माझ्या मशीनवर उभं राहायचं ते मीच शिकवलेलं कुणीतरी. साहेब खूश, त्याचा गोल आणखी थोडा काळा, आणि मी आत पुठ्ठ्याच्या खोक्यांना चिकटपट्ट्या लावतेय.

मी भांडले नाही असं नाही. सुपरवायझरना म्हटलं, "सर, पाट स्टँडर्डमध्ये लिहून टाका ना. नाहीतर बटणं खाली घ्या."

"तसं न्हाई होत, ताई," ते म्हणाले. "कागदावर आणलं की वरचे विचारणार, मशीन बायांना झेपत न्हाई तर बाया ठेवल्या कशाला? उद्या तुमालाच काढतील. मी तुमच्या भल्याचं सांगतोय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मशीन मला झेपत होतं. मशीनला मी झेपत नव्हते. पण वाद घालायचा कसा? पुरुषांना ते 'ए प्रेसवाल्या' म्हणून हाक मारतात, आम्हाला ताई म्हणतात. प्रेसवाला प्रेसबद्दल बोलू शकतो. ताईने समजून घ्यायचं असतं. इतका मानाचा शब्द, आणि तोच आमच्या तोंडावर हात ठेवतो. शिवी दिली असती तर निदान उलट बोलता आलं असतं.

शेजारच्या मशीनवर लातूरकडची एक बाई होती, माझ्याहून वयाने मोठी. तिच्या पायाखालीही असाच पाट. ती कुजबुजली, "गप बस, माय. बोलायला जाशील आन् हाय तो पाट बी जाईल. मग पोटऱ्या कुणाच्या दुखणार?" तिचं चूक नव्हतं, आणि तिचं चूक नव्हतं याचाच मला जास्त राग आला. घरी नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "एका पाटावरून काय एवढं?" तो वाईट माणूस नाही. त्याच्या मशीनची बटणं त्याच्या छातीशी येतात, एवढंच.

मग यंदा साताऱ्याकडचा एक नवीन ऑपरेटर आला. गडी काटक, पण माझ्याहून बुटका. शिफ्ट बदलली की माझ्याच प्रेसवर तो उभा राहायचा. पहिल्या दिवशी त्याला टाचा उचलताना बघून मी माझा पाट पायाने त्याच्याकडे सरकवला. मला वाटलं, बरं वाटेल बिचाऱ्याला.

तो हसला. "काय ताई, मी काय बाई आहे का पाटावर उभं राहायला?"

आणि तो सरळ सुपरवायझरकडे गेला. मी ऐकत होते. सुपरवायझर त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "बरोबर हाय, भावा. असं कसं काम करणार? बघतो मी." आठवडाभरातच लोखंडी चौथरा आला. पाय घसरू नये म्हणून वर खरखरीत पत्रा, कडेला पिवळी पट्टी, आणि मशीनवरच्या स्टँडर्डच्या कागदात नवी ओळ: ऑपरेटर प्लॅटफॉर्म. मशीन त्याला झेपत नाही असं कुणीही म्हटलं नाही. चौथऱ्याची उंची मी हाताने मापून बघितली. माझ्या पाटाएवढीच होती.

मला राग आला तसा आनंदही झाला, खोटं का बोलू? आता लपवायचं काहीच उरलं नव्हतं. माझ्या शिफ्टला मी त्याच चौथऱ्यावर उभी राहत होते. या ऑडिटला मी मशीनवर असणार, माझा गोल अर्धा होणार. ऑडिटच्या दिवशी घरून निघताना वेणी घट्ट घातली, बूट पुसले.

सुपरवायझर सकाळीच आले. "ताई, आज तेवढं पॅकिंगला."

"का? आता चौथरा स्टँडर्डमध्ये आहे."

ते खरंच गडबडले. बहुतेक त्यांनी विचारच केला नव्हता, सवयीने बोलून गेले होते. मग त्यांना उत्तर सापडलं. "व्हय, पण तो ऑपरेटरसाठी हाय ना. कागदावर तसंच लिवलंय. तुमी हेल्पर."

ऑपरेटर झाल्याशिवाय चौथऱ्यावर चढता येणार नाही, आणि चौथऱ्यावर चढल्याशिवाय ऑपरेटर होता येणार नाही. मी लातूरच्या बाईकडे बघितलं. तिने मान खाली घातली.

मी पॅकिंगला गेले. तिथे कोपऱ्यात माझा जुना पाट उपडा पडला होता, त्यावर कुणीतरी चिकटपट्टीची रिळं रचली होती. मी रिळं काढली, पाट ओढत आणला आणि साहेब जिथून जातात त्या पिवळ्या पट्ट्यांच्या वाटेत मधोमध मांडला. त्यावर चढून उभी राहिले. पुढे काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. फक्त आज मला कुणी उचलून भिंतीला उभं करू नये, एवढंच मनात होतं.

साहेब आले. हिंदी बोलणारे, तरुण, हातात टॅब. त्यांना थांबावंच लागलं. माझ्या पायांकडे बोट करून त्यांनी विचारलं, "ये क्या है?"

"कुछ नहीं सर, स्क्रॅप है," सुपरवायझर घाईने म्हणाले.

"स्क्रॅप नाही," मी म्हणाले. "माझा पाट आहे."

"पाट मतलब?"

मला सगळं सांगायचं होतं. बटणं, टाचा, बोर्ड, तो पाव गोल. पण माझं हिंदी बाजारापुरतं. मी शब्द जुळवेपर्यंत सुपरवायझर हसून मोकळे झाले. "वो घर में होता है, सर. बैठने के लिए."

साहेबांनी मान डोलावली, पाटाला वळसा घातला आणि ते माझ्या मशीनकडे गेले. टॅबवर काही लिहिलं नाही. या वेळी सुपरवायझर खोटं बोलले नव्हते. पाट घरातच असतो आणि तो बसायलाच असतो. मी त्याच्यावर उभी होते आणि ते कुणाला दिसलं नाही.