सगळे ‘जिंकणार’ म्हणत असताना

सेमीफायनल आणि फायनल यांच्यामध्ये दोन आठवडे रिकामे ठेवायची कल्पना ज्या कुणाची असेल, त्यानं ते दोन आठवडे आमच्या सिअ‍ॅटलजवळच्या बॉथेलच्या ऑफिसात काढायला हवे होते. २००६ सालची गोष्ट. आमच्या शहराची फुटबॉल टीम पहिल्यांदाच फायनलला पोचली होती. फुटबॉल म्हणजे अमेरिकन, हातात घेऊन पळायचा तो. कामात कुणाचंच लक्ष नव्हतं. लंचरूममधल्या फ्रिजवर एक कागद चिकटवला होता. कोण जिंकणार आणि किती पॉइंटनं, ते प्रत्येकानं आपल्या नावापुढे लिहायचं. जेवणाच्या सुट्टीत त्या कागदासमोर रोज संसद भरायची.

मी तिथे संख्याशास्त्रज्ञ होतो. नवं औषध किती रुग्णांना लागू पडलं, किती जण किती महिने जगले, याचे आलेख काढायचे हे माझं काम. खेळाचं वेड मला नुकतंच लागलं होतं, पण वाद घालायची सवय जुनी. चुकीचं विधान कानावर पडलं की मला घास गिळवत नाही. आपला धावणारा खेळाडू समोरच्यांना फाडून खाणार, असं कुणी म्हणालं की मी डबा तसाच टाकून समोरच्यांच्या डिफेन्सबद्दल बोलायला उठायचो. उभं राहून, येरझाऱ्या घालत.

आणि त्या लोकांच्या समजुती! एक जण पाच आठवडे न धुतलेली जर्सी घालून येत होता. एक बाई ‘फायनल’ हा शब्दच तोंडातून काढत नव्हत्या, दृष्ट लागेल म्हणून. सगळी पीएचडी झालेली माणसं. आम्ही नागपूरचे बौद्ध. वडील शाळेत गणित शिकवायचे. नवस, मुहूर्त, अंगारे-धुपारे आमच्या घराच्या पायरीलाही कधी लागले नाहीत. त्यामुळे त्या लंचरूममध्ये शहाणा माणूस मी एकटाच, असा माझा ठाम समज होता.

लॅबमधली यंत्रं सांभाळणारे एक साठीला आलेले गृहस्थ माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचे. मी आणि पुण्याची एक सहकारीण, आम्ही दोघं मराठी त्यांना आपसात काका म्हणायचो. टीम निघाली तेव्हापासून काका-काकूंनी घरच्या मैदानावरची मॅच क्वचितच चुकवली असेल. वाद चालला की ते बोलायचे नाहीत, नुसते ऐकायचे. पण पहिल्या आठवड्याच्या शेवटी त्यांनी एकदम मला विचारलं, ‘‘तू आकडेवाला आहेस. खरं सांग, आपण जिंकू ना?’’

टेबलाभोवती दहा-बारा जण होते. मी तोंडातला घास संपायची वाटही पाहिली नाही. ‘‘हरणार,’’ म्हणालो. ‘‘दहा पॉइंटनं.’’ वर कारणंही सांगितली, आणि कागदावर तसं लिहूनही टाकलं.

काका उठून डिश धुवायला गेले. पुण्याची सहकारीण मराठीत म्हणाली, ‘‘शुभ बोल नाऱ्या, तर म्हणे मांडवाला आग लागली! काय यार, तुला जरा गप्प बसता येत नाही?’’

संध्याकाळी पार्किंग लॉटमध्ये तिनं मला गाठलं. ‘‘काकूंचा सोमवारी स्कॅन आहे, मॅचच्या दुसऱ्या दिवशी. केमो झाल्यानंतरचा पहिलाच. काकांनी मनात धरलंय, टीम जिंकली तर रिपोर्ट क्लियर येणार. काकूंनीच सांगितलं मला. त्या हसत होत्या रे, पण काका सीरियसली घेतायत.’’

आधी मला रागच आला. हा तर सरळसरळ नवस झाला. मग आठवलं, मला विचारताना काकांनी हातातला काटा खाली ठेवला होता. घरी जाईपर्यंत माझे हायवेवरचे दोन एक्झिट चुकले.

त्यानंतरचा आठवडा मी धड बसलो नाही, धड झोपलो नाही. काका ‘गुड मॉर्निंग’ म्हणायचे आणि यंत्राकडे वळायचे. मी घरी सगळे आकडे पुन्हा मांडले. दुखापती धरल्या, हवामान धरलं, त्रयस्थ मैदान धरलं. कसंही करून आपली टीम पुढे यावी म्हणून कारकुनासारखी खाडाखोड केली. आली नाही. शुक्रवारी दुपारी लंचरूम रिकामी बघून मी फ्रिजपाशी गेलो आणि माझ्या नावापुढचं ‘हरणार’ खोडायला पेन उघडलं.

‘‘राहू दे,’’ मागून काका म्हणाले. ‘‘लिहिलंस ते लिहिलंस. रविवारी घरी ये. तिनं बोलावलंय.’’

रविवारी मी घरचा चिवडा घेऊन गेलो. काकूंनी टीमची लोकरी टोपी कानापर्यंत ओढली होती आणि सोफ्यावर माझी जागा आधीच ठरवून ठेवली होती. पहिल्या भागात मी पाणी प्यायला उठलो आणि नेमका आपला एक टचडाउन, म्हणजे इथला गोल, रद्द झाला. ‘‘आता हलायचं नाही,’’ काकू म्हणाल्या. त्या गंमत करत होत्या. पण काका माझ्याकडे असे बघत होते, की मी हललो नाही. बाथरूमला जायचं होतं, पाय आखडले होते, तरी तासभर तसाच बसलो. अंगारे-धुपाऱ्यांना हसणारा मी, दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट दाबून ‘एकदा जिंका रे’ असं मनात म्हणत होतो.

हरलो. फरकही जवळपास मी सांगितला तेवढाच. बरोबर ठरणं मला इतकं नकोसं कधी झालं नव्हतं. काकांनी रेफरीला एक शिवी घातली, टीव्ही बंद केला आणि टेबलावरच्या वाट्या गोळा केल्या.

मंगळवारी ते माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. ‘‘लिव्हरवर दोन नवे डाग आहेत,’’ म्हणाले. मग माझ्या स्क्रीनकडे बोट दाखवलं. ‘‘तू असले आलेख काढतोस. तिचं काय? आकडा सांग.’’

आकडा मला पाठ होता. खुर्चीतून उठावं, पळून जावं असं झालं. ‘‘शंभर जणींचं सांगता येतं,’’ मी म्हणालो. ‘‘एकीचं नाही. त्या शंभरात काकू कुठे आहेत, हे कुठलाच आलेख सांगत नाही.’’

हे खोटं नव्हतं. आमच्या विषयातलं पहिल्या वर्षाचं ज्ञान आहे.

‘‘मॅचसुद्धा एकच होती,’’ काका म्हणाले. ‘‘तेव्हा हे का नाही म्हणालास?’’

ते चिडले नव्हते. चिडले असते तर मी वाद तरी घातला असता. मला लाज वाटली. त्या दुपारी दहा-बारा माणसांसमोर मला फक्त शहाणं ठरायचं होतं, आणि त्यासाठी मी छातीठोकपणे असं काही बोललो होतो, जे मला माहीत असणं शक्यच नव्हतं. हे मी त्यांना इंग्रजीत कसंबसं सांगितलं. त्यांनी मान हलवली. ‘‘गुरुवारी पुन्हा केमो सुरू होतोय,’’ म्हणाले. ‘‘ड्राइव्ह करशील? मला मागे तिच्याजवळ बसायचंय.’’

गुरुवारी गाडी मी चालवली. काकूंनी खिडकीला डोकं टेकवलं होतं, काकांनी त्यांचा हात धरला होता. मग काकूंनी विचारलं, ‘‘उद्या पाऊस पडेल का रे?’’

फेब्रुवारी महिना आणि सिअ‍ॅटलची हवा, पाऊस जवळजवळ रोजचाच. शेंबडं पोरगंही उत्तर देईल.

‘‘बघू या,’’ मी म्हणालो.