इनामदारांचा डबा

इनामदारांनी डब्याचं झाकण उघडलं आणि आंबूस वासानं खोली भरली. आत रीळ उरलंच नव्हतं. गुळाच्या ढेपेसारखा एक चिकट, काळपट गोळा तेवढा होता.

फारसे कुणाला ठाऊक नसलेले गुन्हेगारी मूकपट जमवायचा मला नाद आहे. एका घरातल्या विषप्रयोगाच्या या मूकपटाची एवढी एकच प्रत होती. तो बघायला मिळावा म्हणून मी वर्षानुवर्षं इनामदारांकडे खेटे घातले. दर वेळी उत्तर एकच, "ज्याला त्याला दाखवायची वस्तू नाही ही." आज कुठं ते डबा उघडायला राजी झाले होते.

"तुम्ही तरी पाहिलात?" मी विचारलं.

"छे! मशीनवर चढवलं की झिजतं हो."

मला त्यांचा मनस्वी तिटकारा आला. कुणा नटीनं एक शब्दही न उच्चारता, नुसत्या डोळ्यांनी पेल्यातलं विष दाखवलं असेल. ते डोळे आता कुणालाच दिसणार नाहीत. असली माणसं म्हणे कलेची कदर करतात! जपणं आणि दाबून ठेवणं यांतला फरक त्यांना कधी कळतच नाही.

इनामदारांनी झाकण लावलं, डबा कपाटात ठेवला आणि वर कुलूपही घातलं.

"चहा टाकायला सांगू?"

"तुमच्या घरचं पाणीसुद्धा नको," म्हणून मी चपला पायात सरकवल्या.