काट्याएवढं भोक

"बाभळीचा काटा टोचलाय. टीटी मारा आन सोडा," असं म्हणून तात्यांनी डावा हात टेबलावर ठेवला. अंगठ्याशेजारच्या बोटाच्या टोकाला सुईनं टोचावं तसं एक भोक होतं. रक्तसुद्धा नव्हतं.

मी बारामतीतल्या एका खाजगी हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत स्टाफ नर्स आहे. कॅज्युअल्टी म्हणजे अचानक काही झालेला पेशंट आधी जिथं येतो ती खोली. माझं गाव वरकुटे. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिली. बीएस्सी नर्सिंग, एकाही विषयात न अडकता. हे मुद्दाम लिहिते, कारण नर्स म्हणजे इंजेक्शन टोचणारी बाई, असंच अजून पुष्कळांना वाटतं.

तात्या शेळगावचे. वालचंदनगरच्या क्वार्टरात राहून तिथल्याच कारखान्यात उभी नोकरी फिटर म्हणून काढलेली. फिटर म्हणजे मशीनचे भाग जुळवून बसवणारा. सोबत त्यांच्या मंडळी होत्या. त्यांना मी मावशी म्हटलं. त्या आल्यापासून तोंड फिरवून बसल्या होत्या.

त्या सकाळी मोटरसायकलवरून पडलेले दोघं आमच्याकडं आधीच आडवे होते. ड्युटी डॉक्टरांनी तात्यांचं बोट बघितलं, केसपेपर लिहिला. टीटी, गोळ्या, घरी. मी रजिस्टरला 'काटा टोचला' असं लिहिलं आणि टीटीचं, म्हणजे धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. राहिलं फक्त ड्रेसिंग.

आता काट्याचं म्हणाल तर ते मला कॉलेजनं शिकवलं नाही. मी सातवीत जाईपर्यंत आमची मेंढरं होती. वडील संध्याकाळी पाय पुढं करायचे आणि मी पिन घेऊन बसायची. काटा आत मोडला असेल तर नुसतं दाबलं तरी माणूस उडतो. म्हणून मी बोट साबणानं धुतलं आणि भोकाच्या कडेनं दाबलं. तात्या निवांत पंख्याकडं बघत होते.

"दुखत नाही?"

"टोक बधिर झालंय. मागं जरा ठणकतंय."

तेव्हा मी बोट नीट बघितलं. टोकापासून मुळापर्यंत फुगलेलं, चकचकीत, टोकाशी पांढरट. सकाळी आठला टोचला म्हणाले होते; एका काट्यानं तीन तासांत एवढं होत नाही. भोकातून टूथपेस्टसारखं काहीतरी काळपट बाहेर आलं. पुसलं. परत आलं. हातमोज्यावर चोळून बघितलं तर बुळबुळीत, आणि वास गॅरेजचा.

"तात्या, बाभळीला ग्रीस कधीपासून यायला लागलं?"

मावशी वळल्या. "सांगा की आता. का बोट झडल्यावर सांगणार हाय?"

"तू गप बस."

"गपच हाय की सकाळपासनं! काटा म्हण, काटा म्हण. घरात बाभळ हाय व्हय आपल्या?"

तात्यांनी दरवाज्याकडं बघितलं, ओळखीचं कोणी आहे का म्हणून. मग हळूच बोलले, "उभ्या नोकरीत माझ्या नावावर एक अॅक्सिडेंट न्हाय, सिस्टर. सेफ्टीचं बक्षीस भितीला टांगलंय. आन घरच्या झोपाळ्यानं बोट खाल्लं, हे कुठल्या तोंडानं सांगू?"

झोपाळा मावशींचा. नोकरीत राहून गेलेला, रिटायर झाल्यावर तात्यांनी करायला घेतलेला. कुरकुर नको म्हणून वरच्या कड्यांना बेअरिंग बसवली होती. त्यांत ग्रीस भरायला ग्रीस गन आणली. ट्रॅक्टरवाल्यांकडं असते ती. हातानं लिव्हर दाबायची, की बारीक नोझलमधून घट्ट ग्रीस जोरात येतं. नोझल तुंबलेलं. तात्यांनी उजव्या हातानं लिव्हर दाबली आणि ग्रीस येतंय का बघायला डाव्या हाताचं हे बोट नोझलला लावलं.

"फडकं धरायचं ना."

"फडक्याला काय कळतंय? वर्कशॉपात साहेब लोक मशीन बिघडलं की मला बोलवायचे, ह्ये बोट लावायला. बेअरिंग कुठं खातंय ते सांगायचो. गेजचं माप खोटं बोलंल, बोट न्हाय."

मी ड्युटी डॉक्टरांकडं गेले. "सर, काटा नाही. ग्रीस गन."

ते तसेच उठले. बोट बघून त्यांनी सर्जनना फोन लावला आणि माझ्याकडं दिला.

"लागलं कधी?"

"आठ वाजता, सर. आता अकरा."

"बोट दाबलं का?"

"एकदा. काटा समजून."

"परत दाबायचं नाही. हात उंच ठेवा. पोटात काही देऊ नका. ओटी तयार करायला सांगा, निघालोच."

ओटी म्हणजे ऑपरेशन थिएटर. हे ऐकून तात्या चप्पल शोधायला लागले. "एवढ्याशा भोकाला ऑपरेशन? टीटी झालंय की. चल गं."

डॉक्टरांनी इन्फेक्शन, प्रेशर असं सगळं सांगून बघितलं. तात्या उभेच. मग मी विचारलं, "तात्या, बेअरिंगमध्ये ग्रीस जास्त दाबून भरलं तर काय होतं?"

"कडेचं रबरी सील फुटतं."

"म्हणजे जादा ग्रीसला बाहेर यायला वाट मिळते. तुमच्या बोटाला सील नाही. बोट वाकवणारी दोरी असते ना, तिच्या कडेनं ग्रीस तळहाताकडं घुसलंय. त्यानं आतलं मांस मरतंय. वरून भोक काट्याएवढंच दिसणार."

तात्या बोटाकडं बघत राहिले. हे काम त्यांना कळणारं होतं.

"बोट जाईल व्हय?"

"आत्ता साफ केलं तर वाचेल कदाचित. उद्यावर टाकलं तर मी काही सांगू शकत नाही." यापेक्षा जास्त आशा द्यायला माझ्याकडं नव्हती.

तात्या खाली बसले. "दाव पोरी, सही कुठं करायची ती," म्हणत मावशींनीच कागद ओढला.

सर्जननी बोट टोकापासून तळहातापर्यंत उघडलं. ग्रीस तळहातात पोचलं होतं. धुतलं, जखम उघडीच ठेवली, दोन दिवसांनी परत धुतलं. मग टाके.

दीड महिन्यानं दोघं तपासणीला आले. बोट जागेवर होतं. शेवटचा सांधा वाकत नाही आणि टोकाला काही कळत नाही. तात्यांनी ते माझ्या टेबलाच्या कडेवरून फिरवून दाखवलं. "आता ह्याला कायबी लावा, मुकं हाय. उजव्या बोटाला शिकवतोय."

"आणि झोपाळा?" मी विचारलं.

"कुरकुरतोय," मावशी म्हणाल्या. "मीच म्हणलं, कुरकुरू द्या. ती गन म्या भंगारात घातली."

रजिस्टरमधलं 'काटा टोचला' मी त्या दिवशीच एका रेघेनं खोडलं, पुढं बरोबर लिहून सही केली. ती रेघ माझी चूक म्हणून तशीच आहे. तात्या लाजेपायी खोटं बोलले, पण रजिस्टरला ते न विचारता लिहून घेणारी मी होते.

तेव्हापासून घरकामात लागलं म्हणून कोणी आलं की काय झालं हे मी आधी विचारत नाही. हातात काय होतं, ते विचारते. झालेलं सांगायला माणूस लाजतो, हत्याराचं नाव मात्र पटकन सांगून टाकतो.