धूर आला की उठायचं

हनीफभाईंचा फोन आला तेव्हा मी ओमानमधल्या सोहारच्या दवाखान्यात एका पेशंटचा खांदा धरून व्यायाम करून घेत होते. हनीफभाई म्हणजे बीबींचे ड्रायव्हर, आमच्या रत्नागिरीकडचेच. "ताई, बीबी गेल्या. फजरच्या वक्ताला," एवढंच म्हणाले आणि फोन ठेवला. फजर म्हणजे पहाटेची नमाज. काही आठवडे झाले त्याला. अजून बीबींच्या गावाचा, खाबुऱ्याचा फाटा आला की वाटतं, गाडी वळवावी.

बीबी राजघराण्याच्या एका लांबच्या शाखेतल्या. खजुराच्या बागेत त्यांचं घर. त्यांच्या गुडघ्यासाठी मला पहिल्यांदा बोलावलं तेव्हा मी बिचकतच गेले. राजघराण्यातल्या बाईचा पाय कसा वाकवायचा, हे काही फिजिओथेरपीत शिकवत नाहीत. पण बीबींचं लहानपण मुंबईत गेलेलं, हिंदी एकदम फक्कड. व्यायाम झाला, खजूर झाला, कहवा झाला आणि मग चांदीच्या धुपाटण्यात ऊद पेटवून आणला. मला वाटलं, आरतीच आली. मी दोन्ही हातांनी धूर घेतला, डोळ्यांवरून फिरवला आणि पुन्हा ऐसपैस बसले. ओमानी घरात धूर फिरला की पाहुण्याने उठायचं असतं, हे मला कोण सांगणार? खोलीतल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. बीबी मात्र डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "सुमन, अब बैठ गई है, तो बैठ," म्हणाल्या. त्यानंतर माझ्यासाठी धुपाटणं कधी आलंच नाही. गुडघा बरा झाला तरी मी जात राहिले. खरं सांगू, सासरीसुद्धा मला इतक्या मायेनं कुणी बस म्हटलं नव्हतं.

यंदा हिवाळ्यात त्यांचं दुसरंच एक दुखणं बळावलं आणि डॉक्टरांनी हात टेकले. बीबींनी एकच मागितलं, समुद्रात पाय बुडवायचे. समुद्र घरापासून हाकेच्या अंतरावर, पण लग्नानंतर त्यांनी तो गाडीच्या काचेतूनच पाहिलेला. त्यांचा मुलगा तयार होईना. "लोग मोबाइल निकालेंगे," म्हणाला. मला राग आवरला नाही. "पैर उनके हैं, उनसे पूछो," मी तोंडावर सांगून टाकलं. त्याने आईकडे बघितलं आणि हनीफभाईंना गाडी काढायला सांगितली.

गाडी थेट वाळूवर, पाण्यापाशी नेली. जाळी आवरणाऱ्या कोळ्यांनी बीबींना उतरताना पाहिलं आणि कुणी न सांगता सगळे समुद्राकडे पाठ करून बसले. एकाचाही मोबाइल निघाला नाही. मी बीबींच्या चपला काढल्या, कमरेला हात घातला, आणि आम्ही दोघी हळूहळू पाण्यात शिरलो. पाणी घोट्यांना लागलं तशा त्या थांबल्या. मग माझा दंड घट्ट धरून म्हणाल्या, "ठंडा है रे..." बस्स, एवढंच. रडत मी होते, त्या नव्हत्या.

घरी आलो. मी नेहमीसारखी बैठकीवर टेकले, तर बीबींनी धुपाटणं मागवलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या मला उठायला सांगत होत्या. थकल्या असतील, अशी मी मनाची समजूत घातली. त्यांनी स्वतःच्या हाताने धूर माझ्या ओढणीखाली धरला. "यल्ला, बिन्ती. अब जा," म्हणाल्या. यल्ला म्हणजे चल, आणि बिन्ती म्हणजे माझी लेक. मी सवयीने "येते" म्हटलं. आपण कुठे 'जाते' म्हणतो... पुढच्याच आठवड्यात त्या गेल्या. निरोप त्यांनी घेतला होता, कळलं मला उशिरा.

त्या गेल्यावर घरच्यांना भेटायला गेले तेव्हा निघताना मुलगा दारापर्यंत आला आणि ते धुपाटणं माझ्या हातात ठेवलं. "माँ ने बोला था, सुमन को देना." आता ते आमच्या फ्लॅटमध्ये देवघराशेजारच्या फळीवर असतं. आतली राख मी काढलेली नाही. परवा नवरा म्हणाला, ऊद आणून देतो, पेटव की. मी नको म्हटलं. धूर आला की उठावं लागतं, आणि मला अजून बसायचंय.