मलेही रागवा

आठवीत मी उर्दू शाळेतून घाटंजीच्या एका मराठी शाळेत आले. आमची उर्दू शाळा सातवीपर्यंतच होती. अब्बांचं बाजारात मोटर वायंडिंगचं दुकान. शेतातल्या पंपांच्या मोटरी घेऊन येणाऱ्या कास्तकारांशी बोलून बोलून त्यांची वऱ्हाडी आमच्या घरात सगळ्यांच्या तोंडात बसली होती, पण मला मराठी लिहिता जेमतेम यायचं. पहिल्या दिवशी उर्दूच्या सवयीनं मी वही मागच्या बाजूनं उघडली आणि शेजारची मुलगी फिस्कन हसली. आमच्या वर्गशिक्षिका मॅडमनी ते पाहिलं. त्यांनी सगळ्या वर्गाला बजावलं, हिला कोणी काही म्हणायचं नाही.

मॅडमनी ते मनापासून सांगितलं आणि वर्गानं मनापासून पाळलं. मला कोणीच काही म्हणेना. वर्ग झाडायच्या पाळीत माझं नाव नव्हतं. मॅडम कविता म्हणायला उठवायच्या तेव्हा माझा नंबर ओलांडून पुढे जायच्या. मुली एकमेकींना चिडवायच्या, रुसायच्या, मी आले की सरकून जागा द्यायच्या आणि गप्प व्हायच्या. मॅडम चिडल्या की इतरांवर वऱ्हाडीत बरसायच्या. माझ्याशी मात्र पुस्तकातलं मराठी बोलायच्या, हळू आवाजात, जसं पाहुण्याशी बोलावं. घरी अम्मी विचारायची, कोणी त्रास देतं का? मी नाही म्हणायचे. ते खरंच होतं.

दिवाळीनंतर एकदा निबंध आणायचा होता. न आणणाऱ्यांना मॅडमनी उभं केलं. चौघी उठल्या, मीही उठले. निबंध मी लिहिला होता, पण वेलांट्यांच्या भीतीनं घरीच ठेवला होता. मॅडम म्हणाल्या, "तू बस बाळा, तुझं राहू दे." त्या चौघी बाहेर गेल्या आणि मी बसले. बाहेरून त्यांची खुसखुस ऐकू येत होती. माझं वर्गात लक्षच लागेना.

मधल्या सुट्टीत मी शिक्षकांच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिले. मॅडम वह्या तपासत होत्या. काय बोलायचं ते मी मनात जुळवून नेलं होतं, शुद्ध मराठीत. ऐन वेळी ते सगळं उडालं.

"मॅडम, मलेही रागवा ना," मी म्हणाले.

त्यांनी मान वर केली. "म्हणजे?"

"सगळ्याइले रागावता. मलेच नाही रागवत."

त्यांनी हातातली वही मिटली. मग विचारलं, "रडशील ना?"

"रडीन. पण रागवा."

त्यांनी मला वर्गात जायला सांगितलं. मला वाटलं, आपलं काहीतरी चुकलं.

आठवडाभर काहीच झालं नाही. मग पुढच्या निबंधाच्या दिवशी पुन्हा माझ्याकडे वही नव्हती. मॅडम बाकांमधून चालत आल्या, माझ्यापुढे थांबल्या आणि म्हणाल्या, "तुले का वेगळं सांगा लागते? मी का इथं भिताडाशी बोलून राह्यली? चाल, भाईर हो."

मी व्हरांड्यात गेले. डोळे भरले होते. तिथं आधीच तिघी उभ्या होत्या. त्यांतली एक शेतकऱ्याची पोरगी, तिच्या खिशात तुरीच्या ओल्या शेंगा होत्या. तिनं मूठभर माझ्या हातात दिल्या आणि विचारलं, "तुनं काहून नाही आणला वं?" मी खरं ते सांगितलं, की माझ्या वेलांट्या चुकतात. ती म्हणाली, "माह्या कुठं बरोबर असतात?" आम्ही हसलो आणि आतून मॅडम पुन्हा ओरडल्या. चौघींवर, एकदम.

घरी जाऊन मी अम्मीला आनंदानं सांगितलं, "आज मेरे को मॅडम ने डांटा." अब्बांनी जेवता जेवता हात थांबवला. उद्या शाळेत येतो म्हणाले. त्यांना समजावता समजावता माझी पुरेवाट झाली.

दुसऱ्या दिवशी फळ्याच्या कोपऱ्यात शनिवारी झाडणाऱ्यांमध्ये माझं नाव होतं.

नववी संपली तेव्हा मॅडमची राळेगावकडे बदली झाली. आता मी उमरखेडच्या बाजूला एका शाळेत शिकवते. इथले लोक चांगले आहेत, ईदला घरी येतात, मला 'आपण' म्हणतात. पण सुट्टीत एकटी बसले की त्या व्हरांड्यातलं हसू कानात येतं आणि जीव कुठे लागत नाही.

गेल्या वर्षी शोधत शोधत राळेगावला गेले. मॅडमच्या घराला कुलूप होतं. शेजारच्या काकूंनी सांगितलं, त्या आता नागपूरला लेकीकडे असतात. काकूंकडून नंबर घेऊन मी तिथूनच फोन लावला. आवाज थकलेला होता. ओळख सांगितल्यावर म्हणाल्या, आठवतेस, मोटरवाल्यांची ना? गुडघे दुखतात म्हणाल्या, दिसतंही कमी. मी काय शिकवते, ते दोनदा विचारलं. दिवाळीत भेटायला ये म्हणाल्या.

दिवाळीत अब्बांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं, जाणं झालं नाही. उन्हाळ्यात फोन केला तर लेकीनं उचलला, आई झोपलीये म्हणाली. या सुट्टीत नागपूरला जायचंच, असं ठरवून मी तिकीट काढलं आहे.