धाकाचे साहेब

"माणूस धाकात ठेवला की तल्लख राहतो," असं म्हणत आमचे साहेब मागून यायचे आणि टेबलावर रूळ हाणायचे. समोरचा दचकला की त्यांना खाल्लेलं पचायचं. असा एखादा साहेब तुम्हीही पाहिला असेल. आमचे बारामतीच्या कालवा कचेरीत होते. स्वातंत्र्य मिळून पाचसहा वर्षं झाली होती, पण ते यांना कुणी कळवलं नसावं.

त्यांचा विशेष डोळा तात्यांवर. तात्या पाटकरी, म्हणजे कालव्याची दारं उघडून शेतांना पाणी सोडणारे. इंदापूर तालुक्यातल्या नरसिंहपूरचे, मेंढरं राखणाऱ्या घरातले, थोराड, हसरे. साहेब त्यांना ऊठसूट बोलावून तासन्‌तास उभं ठेवायचे, उद्या काढून टाकतो म्हणायचे. कारण एवढंच, की तात्या घाबरत नव्हते.

मग घाबरायला लागले. झोप उडाली, अन्न पोटात ठरेना, कुठलं दार उघडलं तेही आठवेना. मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, भीती वाटली की शरीरातल्या ग्रंथी रक्तात एक रस सोडतात. साप दिसला तर पळायला तो कामाचा. पण साप रोजच समोर उभा असेल, तर तोच रस माणसाचं पोट, काळीज आणि डोकं पोखरतो.

हे मी साहेबांच्या कानावर घातलं. पान चघळत ते म्हणाले, "ग्रंथी? आळसाची असेल. कापून टाका म्हणावं."

त्याच आठवड्यात तात्या एक दार लावायला विसरले आणि कुणाच्या तरी उभ्या पिकात पाणी शिरलं. साहेबांनी त्यांना सगळ्यांसमोर कान धरायला लावले. तात्यांनी निमूट धरले. मग त्यांना घरी बसवलं.

पुढे वरचे इंजिनिअर तपासणीला आले. त्यांनी आवाजही चढवला नाही. पाणी कुठवर पोचलं, एवढंच विचारलं. साहेबांना गावाचं नाव आठवेना. घामानं सदरा अंगाला चिकटला. कीव यायला हवी होती. मला आली नाही.

लवकरच त्यांची बदली झाली. स्टेशनवर निरोपाला कुणी फिरकलं नाही.

ही बातमी सांगायला मी मुद्दाम नरसिंहपूरला गेलो. लिंबाखाली घोंगडीवर तात्या भरदुपारी घोरत पडले होते. मी हाक मारणार, तेवढ्यात त्यांच्या बायकोनं हात आडवा केला. साहेबांची बदली झाल्याचं मी तिला सांगितलं.

"उठवू नका, भाऊसाहेब," ती हळूच म्हणाली. "लई दिसांनी झोप लागलीया. झोपमोड करून सांगावं असं ह्यात काय न्हाय."