कांबळे काकांचा गोल

आमच्या क्लबच्या माजी अध्यक्षांची शोकसभा चालू होती. फोटोला हार घातलेला, समोर सगळे गंभीर चेहरे करून बसलेले. वक्ते भरल्या गळ्याने म्हणाले, "त्या अंतिम सामन्यात साहेबांनी दोन गोल मारले..." आणि मागच्या रांगेतून खणखणीत आवाज आला, "एक." वक्ते थांबले. "एकच. दुसरा त्यांच्या धाकट्या भावाचा. हं, चालू द्या." अहो, अध्यक्षांच्या पत्नी पहिल्या रांगेत बसल्या होत्या! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण या गृहस्थांना सभेला मीच आग्रहाने बोलावलं होतं.

हे आमचे कांबळे काका. त्यांना जाऊन आता वर्ष होत आलं. पण अजूनही कोणी फुटबॉलबद्दल काही ठोकून द्यायला लागलं की मी धसकून मागे बघते.

पुण्यात फुटबॉल क्लबमध्ये नोकरी करते म्हटलं की लोक "बरं, आणि पगार?" असं विचारतात. पण हडपसरच्या या क्लबने एके काळी देशपातळीवरच्या व्यावसायिक लीगमध्ये धडक मारली होती. गावातल्या पोरांना खेळायचे पगार मिळत होते. हे सगळं टिकलं एकच हंगाम. शेवटचा सामना नुसता बरोबरीत सोडवला असता तरी लीगमध्ये राहिलो असतो. ऐन वेळी आपल्याच जाळ्यात गोल गेला, क्लब खाली आला तो परत काही वर गेला नाही. आणि तो सेल्फ गोल करणारे बचावफळीतले बॅक म्हणजे हेच कांबळे काका.

हडपसरने ते कधी विसरू दिलं नाही. काका पुढे पाटबंधारे खात्यात लागले, मुलांची लग्नं झाली, तरी भाजी घ्यायला गेले की कोणीतरी विचारणारच, "काय काका, आपला गोल कुठल्या बाजूला?" काका पिशवीत मेथी भरत शांतपणे सांगायचे, "त्या दिवशी उत्तरेला होता." ऐकणाऱ्यालाच ओशाळल्यासारखं व्हायचं.

क्लबचा इतिहास छापायचं कमिटीने ठरवलं, तेव्हा लिहायचं काम ऑफिस सांभाळणारी म्हणून माझ्या गळ्यात पडलं आणि तपासायचं काकांच्या. कर्म माझं! दर शनिवारी मी वारज्याहून बस बदलत, घामाघूम होऊन मैदानाकडेच्या त्या पत्र्याच्या खोलीत पोचायची. काका आधीच हजर. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "ताई, मागच्या पानावर मध्यंतराचा स्कोअर चुकलाय."

एकदा मी चिडून म्हटलं, "काका, तो सामना बघितलेला एक तरी माणूस शिल्लक आहे का?"

"मी आहे," काका म्हणाले.

जुने खेळाडू यायचे, चहा घ्यायचे, रंगात येऊन गोष्टी सांगायचे. मी भराभर लिहून घेत असायची आणि काका मध्येच हात वर करायचे. "आठवणीतलं नको. झालेलं सांगा." निम्मे लोक रागावून पुन्हा फिरकलेच नाहीत. सध्याच्या अध्यक्षांनी सुचवलं की हरलेले सामने जरा आवरते घ्या, तर काका म्हणाले, "मग इतिहास कशाला? लग्नपत्रिका छापा." शेवटी गोल करणाऱ्यांची यादी जोडायची होती, त्यातही सेल्फ गोल वेगळे दाखवून घालायलाच लावले. म्हणे, चेंडू आत गेला ना, मग तो गोलच. छापखान्याचा माणूस माझा फोन उचलेनासा झाला. या माणसाच्या नादाने मला रक्तदाब सुरू होणार, असं मी घरी रोज सांगत होते.

पुस्तक छपाईला जायच्या आधीच्या शनिवारी सदाशिवराव आले. लीगमधल्या त्या संघात काकांच्या शेजारी बचावाला खेळणारे स्टॉपर, त्यांचे जिवलग दोस्त. मार्केट यार्डात कांद्या-बटाट्याचा मोठा गाळा. पुस्तकात गाळ्याची जाहिरात द्यायची म्हणून आले होते. टेबलावर शेवटच्या सामन्याचं पान पडलं होतं. त्यांनी ते उचललं, वाचलं आणि त्यांचा चेहराच बदलला.

"हे काय हाय, ताई? हा गोल ह्याचा न्हाय."

"सदा, चहा घे," काका म्हणाले.

"चहा घाल मसणात! ताई, चेंडू माझ्या गुडघ्याला लागून आत गेला. चिखल असा होता की कुणाचा पाय कुठला कळत नव्हतं. मी उठतोय तवर ह्यानं हात वर केला. रेफरीनं ह्याचं नाव लिहिलं."

मी काकांकडे बघितलं. काका खिडकीबाहेर बघत होते.

"का पण?" मी विचारलं.

"माझं लगीन ठरलं होतं," सदाशिवराव म्हणाले. "सासरे होणारे पुढंच बसलेले. फुटबॉलचं लई वेड त्यांना."

"म्हणजे लग्न मोडलं असतं?"

"मोडलं नसतं हो," काका खिडकीकडून वळून म्हणाले. "पण प्रत्येक सणाला जेवताना काढलं असतं."

माझा पारा चढला. "काका! एका वेलांटीसाठी तुम्ही मला छापखान्यात परत पाठवलंत. शोकसभेत मेलेल्या माणसाचा गोल काढून घेतलात. आणि स्वतः हे?"

"रेफरीने लिहिलंय. नोंद म्हणजे नोंद. राहू द्या."

"राहू द्या काय?" सदाशिवरावांचा आवाज फाटला. "लोक ह्याला हसायचे, ताई. माझ्यादेखत हसायचे. आणि मी बी हसायचो त्यांच्यात. आता सासरे न्हाईत, कोण न्हाय. हे असं छापलं तर मी मेल्यावर बी तसंच राहील. माझं हाय ते माझ्या नावावर करा."

काका उठले. हेल्मेट घेतलं. "काय झालं ते तुम्हाला कळलंय आता," एवढंच मला म्हणाले आणि गेले. मी त्याच संध्याकाळी नाव बदललं. खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं. इतकी वर्षं डोक्यावर घेतलेला डाग मी एका ओळीत पुसून टाकला होता.

प्रकाशनाच्या दिवशी सदाशिवरावांनी माइक हातात घेऊन सगळ्यांसमोर कबूल केलं. टाळ्या थांबेनात. भाजीवाल्यांपासून अध्यक्षांपर्यंत सगळे काकांचे हात हातात घेऊन माफी मागत होते. काका सगळ्यांना "असू द्या, असू द्या" म्हणत होते.

गर्दी पांगल्यावर ते एका खुर्चीवर पुस्तक उघडून बसलेले दिसले. मी धास्तावूनच जवळ गेले. आता काय सापडलं?

"ताई, चूक एकही नाही," काका म्हणाले.

त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलं कौतुक. मी हसून शेजारी बसले. शेवटची यादी उघडलेली होती आणि त्यांचं बोट वरून खाली, पुन्हा वरून खाली फिरत होतं.

"काय शोधताय, काका?"

"काही नाही. आयुष्यभर बॅकला खेळलो ना. माझ्या नावावर तेवढा एकच गोल होता."